साहेबांचा हुंकारा

साहेब तेलाच्या इंजिनालाही ‘आपण’ म्हणत. याला जबाबदार मी. परक्या माणसाने खेड्यात बोलताना चूक करायचीच असेल तर ती आदराच्या बाजूने करावी, अशा विचाराने मी त्यांना पहिले सहा महिने ‘तू’ शिकवलाच नाही. विहिरीवर इंजिन सुरू होईनासे झाले की साहेब त्याच्यापुढे वाकत आणि म्हणत, ‘आपण आता चालू व्हावे.’ बैल वाटेत आडवा उभा राहिला तर, ‘आपण जरा बाजूला व्हाल का?’ दवाखान्यामागे एक लूत भरलेले कुत्रे पडून असे. त्याला ते रोज विचारत, ‘आपले जेवण झाले का?’ शेतकरी हसत. हसण्याचे कारण साहेबांना कळत नसे, पण तेही हसत. पुढे मी ‘तू’ शिकवला. तो त्यांनी वहीत उतरून घेतला आणि कधीही वापरला नाही.

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षे झाली होती. मी मूळचा जळगावचा. शिरपूरच्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवीत होतो. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका गावात ख्रिस्ती मिशनचा लहानसा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा, गुरुवारी, धुळ्याहून येत. इतर दिवशी कंपाउंडरच सर्व पाही. साहेब तिथे राहत. ते पाद्री नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. कॅनडातल्या गव्हाच्या मुलखातले ते शेतकरी. त्यांच्या चर्चने परदेशी सेवेसाठी तीन वर्षांचे स्वयंसेवक मागितले आणि यांनी हात वर केला. जीप चालवणे, दवाखान्याचे छप्पर शाकारणे, आसपासच्या गावांतले पंप दुरुस्त करणे, हे त्यांचे काम. मराठी शिकायला ते माझ्याकडे येत.

‘आपण का आलात?’ असे मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारले होते.

‘त्या वर्षी पेरणी लवकर आटोपली होती,’ ते म्हणाले.

मी ते उत्तर विनोद म्हणून घेतले. नंतर तसे वाटेनासे झाले. पण विनोद नसेल तर ते काय होते, हेही मला सांगता येत नाही.

त्यांच्या डोक्यावर देशाहून आणलेली गवताची टोपी असे. तिची एक एक काडी तुटत गेली. गावातली केरसुण्या वळणारी बाई तुटल्या जागी शिंदीचे पान ओवून देई. अडीच वर्षांनी त्या टोपीत कॅनडाची एकही काडी उरली नव्हती. साहेब तरी तिला ‘माझ्या वडिलांची टोपी’च म्हणत. दुसरी सवय गव्हाची. कोणाच्याही घरी गेले की कणगीतले चार दाणे उचलून तोंडात टाकीत, डोळे मिटून बराच वेळ चावीत आणि मग निकाल देत: ‘याला शेवटचे पाणी उशिरा मिळाले.’ बहुतेक वेळा ते खरे निघे. त्यामुळे त्यांच्याविषयी शेतकऱ्यांच्या मनात जो आदर होता तो धर्मापायी नव्हता, आणि जो संशय होता तो गव्हापायी नव्हता. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला शेजारी शेजारी आले होते.

साहेबांना दोन तऱ्हेच्या गोष्टी सांगाव्या लागत. गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, डॉक्टर येईपर्यंत ओसरीवर बसलेल्या रोग्यांना तिकडची, बायबलातली गोष्ट. महिनाअखेरीस तिकडच्या लोकांना इकडची गोष्ट, एका फोटोसह. ती त्यांच्या चर्चच्या मासिकपत्रात छापली जाई. दवाखान्याचा खर्च तिकडून येत असल्याने ही दुसरी गोष्ट चुकवता येत नसे. पहिली चुकवली असती तरी कोणाचे काही अडले नसते.

कारण ती कोणी ऐकत नव्हते. मी दोनदा तिथे हजर होतो. साहेब उभे राहून, माझ्याकडून घोटून घेतलेल्या शुद्ध मराठीत, सावकाश सांगत. समोर तीस-चाळीस माणसे गप्प बसलेली. कोणी जांभई देई, कोणी पायाचा फोड न्याहाळी. गोष्ट संपली की तितकीच शांतता. साहेब घामाघूम होऊन माझ्याकडे येत आणि विचारीत, ‘माझे व्याकरण चुकले का?’ व्याकरण चुकलेले नसे.

एका गुरुवारी उखा नाना आले. शेजारच्या गावाहून गुडघ्यांचे दुखणे घेऊन आलेला साठीपुढचा शेतकरी. दोन मुले, तीन नातू, गावात शब्दाला वजन. साहेबांची गोष्ट सुरू झाली होती. उखा नानांनी थोडा वेळ ऐकले, मग काठी टेकीत उठले, माणसांतून वाट काढीत पुढे गेले आणि साहेबांच्या अगदी समोर मांडी घालून बसले.

‘साहेब, तुम्ही काय भिंतीपुढे सांगी ऱ्हायनात का?’ ते म्हणाले. ‘सांगा. मी बठस आठे.’

आणि त्यांनी हुंकारा द्यायला सुरुवात केली.

ज्यांनी आमच्याकडची गोष्ट ऐकलेली नाही त्यांच्यासाठी हे सांगणे आवश्यक आहे. खानदेशात गोष्ट एकट्याने सांगायची नसते. सांगणाऱ्यापुढे एक जण हुंकारा द्यायला बसतो. प्रत्येक वाक्य पुरे झाले की ‘हां’ म्हणायचे. सांगणारा अडला की ‘मंग?’ असे विचारायचे. हुंकारा थांबला तर सांगणारा गोष्ट अर्ध्यात टाकून उठतो, आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. गोष्ट खरी मानण्याशी हुंकाऱ्याचा काही संबंध नाही. राक्षसाच्या गोष्टीला देतात, बोलणाऱ्या पोपटाच्या गोष्टीलाही देतात.

त्या दिवशी साहेब बापाची आणि दोन मुलांची गोष्ट सांगत होते. धाकटा मुलगा वाटणी मागून घर सोडतो, सर्व उधळून परत येतो, आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो, अशी ती गोष्ट.

‘धाकट्याने आपली वाटणी मागितली,’ साहेब म्हणाले.

‘हां. बाप जित्ता व्हता ना?’

‘जिवंत होता.’

‘मंग त्यानी दिन्ही कशी?’

माणसे हसली. ओसरीवरचे ते पहिले हसणे. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांची वाक्ये लहान झाली, हात हलू लागले. दर वाक्याला समोरून ‘हां’ येत होते, खणखणीत, विहिरीच्या रहाटासारखे नियमित. शेवटी मेजवानी होते आणि मोठा भाऊ रागाने बाहेरच उभा राहतो, इथे साहेब थांबले.

‘मंग?’ उखा नानांनी विचारले. ‘मोठा भाऊ घरमा गया का नही?’

‘ते लिहिलेले नाही.’

‘लिखेल नही ते तुम्ही सांगा.’

‘मला माहीत नाही, नाना.’

‘मंग गोष्ट पुरी जयी नही,’ उखा नाना म्हणाले आणि गुडघे दाखवायला आत गेले. पण पुढच्या गुरुवारी ते पुन्हा आले. गुडघे बरे झाल्यावरही येत राहिले. साहेबांची सांगण्याची तऱ्हा त्यांनी चार महिन्यांत घडवली. मी दीड वर्षात जे शिकवू शकलो नाही, ते त्यांनी एका अक्षरावर शिकवले. हे मी तेव्हा मान्य केले नसते.

आता त्या कागदाविषयी.

माघ महिन्यात साहेबांनी तिकडे पाठवायची गोष्ट टाइप करून माझ्यासमोर ठेवली. गावाचे नाव इंग्रजीत बरोबर लिहिले आहे का, एवढेच मी पाहायचे होते. मी मजकूर वाचला. त्यात उखा नाना होते. एक वृद्ध शेतकरी दर आठवड्याला सर्वांत पुढे येऊन बसतो, आणि शुभवार्तेच्या प्रत्येक वाक्याला मोठ्याने होय म्हणतो, असे साहेबांनी लिहिले होते. त्याने ख्रिस्तावर विश्वास धरला आहे, असे मात्र लिहिले नव्हते. साहेब प्रामाणिक होते. पण वाचणाऱ्याने दुसरे काही समजावे अशी जागा त्या मजकुरात नव्हती.

मला हुंकारा ठाऊक होता. मी माझ्या आजोबांपुढे तो दिलेला होता. मी लाल पेन्सिलीने गावाच्या नावातले एक अक्षर बदलले आणि कागद परत दिला.

का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मला फक्त नावाविषयी विचारले होते, हे खरे आहे. मिशनच्या कामात शाळेच्या मास्तराने पडू नये, असे हेडमास्तरांनी मला बजावले होते, हेही खरे आहे. साहेब त्या कागदावर फार खूश होते, हेही. यांपैकी कोणत्याही कारणाने माझे समाधान झालेले नाही. एका गोऱ्या माणसाला आपली एक साधी गोष्ट कळली नाही, यात मला किंचित सुख वाटले असावे. तसे असेल तर ते लिहून ठेवणे भाग आहे.

ज्येष्ठात छापील अंक आला. पानावर उखा नानांचा फोटो होता: पागोटे, मिशा, तोंड उघडे, ‘हां’ म्हणतानाचा. साहेबांनी तो अंक स्वतः नेऊन नानांना दिला. नानांनी फोटोचे पान घराच्या दर्शनी भिंतीला लावले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. इंग्रजी वाचणारे गावात कोणी नव्हते. आषाढात त्यांचा पुतण्या सुकलाल रजेवर आला. तो भुसावळला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. काकांच्या सांगण्यावरून त्याने फोटोखालचा मजकूर सर्वांसमोर वाचला आणि अर्थ सांगितला: काका ख्रिस्ताच्या गोष्टीला होय म्हणतात. मागाहून तो मला म्हणाला, ‘सर, मी काय करू? जे लिखेल शे ते वाचं.’

श्रावणात आमच्याकडे घरोघर कानबाई ही देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, सर्व भाऊबंदांकडून गहू गोळा करतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. तो गहू एकत्र दळतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात. ज्याची मूठ त्या टोपलीत पडते तो भाऊबंद. भाऊबंदकीचा दुसरा दाखला नसतो आणि लागतही नाही. भाऊबंदांत सर्वांत वडील झिपरू आबा. त्यांनी उखा नानांना निरोप पाठवला की यंदा तुमच्या घरच्या सहा जणांच्या मुठी येऊ देऊ नका. नानांच्या थोरल्या नातवाची सोयरीक जुळत आली होती. त्या लोकांनी येणे बंद केले.

उखा नाना गुरुवारी दिसेनासे झाले. साहेबांनी त्यांच्याशिवाय गोष्ट सुरू केली, मध्येच थांबले आणि पुढे सांगू शकले नाहीत. तसेच ते नानांच्या शेतावर गेले. तिथून जीप घेऊन थेट शिरपूरला माझ्याकडे. दुपारची वेळ होती. शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्यांनी विचारले:

‘गुरुजी, हुंकारा म्हणजे काय?’

मी वर्गात सांगावे तसे सांगितले.

‘म्हणजे नानांचे ‘हां’ हे होय नव्हते?’

‘गोष्टीपुरते होते. गोष्टीबाहेर नाही.’

साहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड बोटांनी चाचपली.

‘हे इथे सर्वांना माहीत असते?’

‘लहान मुलांनासुद्धा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी उत्तर तयार ठेवले होते. ते खोटे होते.

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. तिकडच्या मासिकपत्राला खुलासा लिहिला. त्याचे पुढे उत्तर आले की ती गोष्ट वाचकांना फार आवडली होती, आणि जागेअभावी खुलासा छापता येत नाही. दुसरी गोष्ट त्यांनी रोटांचा गहू गोळा होण्याच्या दिवशी सकाळी केली. मला बरोबर चला म्हणाले. अहिराणीत कोणी भराभर बोलले तर त्यांना कळत नसे. मी गेलो. कंपाउंडरही जीपमध्ये बसला. त्याला कोणी बोलावले नव्हते.

झिपरू आबांच्या ओट्यावर टोपली ठेवलेली होती. भाऊबंद जमले होते. उखा नाना रस्त्याच्या पलीकडे, निंबाच्या पाराशी उभे होते. पुढे येत नव्हते आणि जातही नव्हते. त्यांच्या हातात गव्हाची लहान पिशवी होती.

साहेबांनी ओट्यापुढे उभे राहून माझ्या शुद्ध मराठीत निवेदन केले. आपण चुकीचे लिहिले, आपल्याला हुंकारा ठाऊक नव्हता, नानांनी आपला धर्म सोडलेला नाही, दोष आपला आहे. निवेदन निर्दोष होते. कोणी हलले नाही.

झिपरू आबा म्हणाले, ‘साहेब, आते तुम्ही नही म्हंतस. पन कागद हां म्हनस. आनि कागद छापेल शे.’

‘कागद चुकीचा आहे.’

‘तुम्हीच लिखा ना तो?’

‘मीच लिहिला.’

‘मंग तवय खोटं लिखं का आते खोटं सांगतस?’

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मी जमिनीकडे. मग साहेब वळले, रस्ता ओलांडून उखा नानांकडे गेले आणि त्यांना दंडाला धरून ओट्यासमोर घेऊन आले.

‘नाना, आपण कानबाईची गोष्ट सांगावी,’ ते म्हणाले.

‘आते?’

‘आता. यांच्यासमोर.’

आणि साहेब टोपी बाजूला ठेवून, त्या रस्त्याच्या धुळीत, उखा नानांपुढे मांडी घालून बसले. त्यांना मांडी नीट घालता येत नसे. एक गुडघा वरच राही.

उखा नानांनी झिपरू आबांकडे पाहिले. आबांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटले नाही. नानांनी गोष्ट सुरू केली.

साहेबांचा पहिला ‘हां’ वाक्याच्या मधोमध पडला. पोरे फिदीफिदी हसली. दुसराही चुकला. मग ओट्यावरून झिपरू आबाच म्हणाले, ‘घाई नका करा, साहेब. वाक्य खाले टेकू द्या, मंग.’ साहेबांनी मान डोलावली. तिसरा ‘हां’ बरोबर जागी आला, चौथाही. हळूहळू नानांचा आवाज मोकळा झाला. कानबाईची गोष्ट दर गावी थोडी वेगळी सांगतात. नानांची लांब होती. मध्ये ते एका जागी अडले. साहेब पुढे वाकून म्हणाले, ‘मंग?’ तो शब्द मी शिकवलेला नव्हता. नाना पुढे सांगू लागले. सुमारे अर्धा तास एक खेडूत देवीची गोष्ट सांगत होता आणि परदेशी मिशनचा माणूस धुळीत बसून तिला ‘हां’ म्हणत होता. मी मागे उभा होतो. हे धाडस आहे, मूर्खपणा आहे की आणखी काही, ते मला ठरवता येईना. मी पाहत राहिलो.

गोष्ट संपली. झिपरू आबांनी विचारले, ‘साहेब, तुम्ही आते कानबाईना भक्त जयात का?’

‘नाही.’

‘मंग इतला येळ हां हां काब्र करं?’

‘नाना सांगत होते,’ साहेब म्हणाले. ‘म्हणून.’

झिपरू आबा काही वेळ मिशीवरून बोट फिरवीत बसले. मग त्यांनी टोपली पायाने थोडी पुढे सरकवली.

‘उखा,’ ते म्हणाले, ‘टाक मूठ. उन्ह चढी ऱ्हायनं.’

उखा नाना ओट्यावर चढले. पिशवीतून मोजून सहा जणांचा गहू त्यांनी टोपलीत टाकला. मागून कोणीतरी म्हणाले, ‘साहेबनी बी एक मूठ घ्या मंग.’ झिपरू आबा गंभीरपणे म्हणाले, ‘साहेब पाव्हना शे, भाऊबंद नही.’ सर्व हसले. साहेबही हसले, या वेळी कारण कळून हसले, असे मला वाटले. ओट्याखाली सांडलेले चार दाणे त्यांनी उचलून तोंडात टाकले आणि डोळे मिटले.

‘चांगला गहू,’ ते म्हणाले.

हे व्यक्तिचित्र इथे संपवता आले असते. पण जीपमध्ये कंपाउंडर होता.

कंपाउंडर आमच्याच भागातला. ऐन तारुण्यात त्याने ख्रिस्ती धर्म घेतला होता. जीप दवाखान्याशी थांबल्यावर साहेब आत गेले, तेव्हा तो मला म्हणाला:

‘गुरुजी, माझ्या बापाच्या घरचे रोट मी बारा वर्षांपूर्वी शेवटचे खाल्ले. माझी मूठ काढली ती काढलीच. आई गेली तेव्हा मला अंगणातून परत पाठवले. मी ‘हां’ एकदाच म्हटले होते. साहेबांनी आज अर्ध्या तासात किती वेळा म्हटले, आपण मोजले का?’

मी मोजले नव्हते. त्याला हुंकारा समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तो माझ्याइतकाच खानदेशी होता.

त्याने मिशनच्या धुळ्याच्या मुख्य साहेबांना पत्र लिहिले. त्यात एकही खोटी ओळ नव्हती. मला त्याने ते वाचून दाखवले. साहेब देवीच्या गव्हाच्या टोपलीसमोर बसले आणि तिच्या गोष्टीच्या प्रत्येक वाक्याला हां म्हणाले, एवढेच होते. धुळ्याहून ते पत्र समुद्रापार गेले. कार्तिकात हुकूम आला की साहेबांनी मुदत संपण्याची वाट न पाहता परत यावे.

मी साहेबांकडे गेलो. ‘आपण समजावून सांगा,’ मी म्हणालो. ‘हा रिवाज आहे. मी इंग्रजीत लिहून देतो.’

‘कंपाउंडरांचे खरे आहे,’ ते म्हणाले.

‘पण आपल्या मनात तर काही नव्हते.’

‘पहिल्या दोन-तीन वेळा नव्हते,’ ते म्हणाले. ‘नंतर मला पुढे काय होते ते ऐकायचे होते. खरोखर ऐकायचे होते. हे होय आहे का, गुरुजी? आपण भाषा शिकवता. आपण सांगा.’

त्यांनी खुलासा लिहिला नाही. उखा नानांची मूठ राखण्यासाठी त्यांनी ‘हां’ म्हणजे होय नव्हे हे सिद्ध केले. स्वतःची जागा राखण्यासाठी तेच म्हणायला ते तयार झाले नाहीत. यात काय सुसंगती आहे, ती मी आजही शोधतो आहे. उखा नानांना मी एकदा विचारले की साहेबांच्या इतक्या गोष्टी ऐकल्या, त्यांतले काही मनाला पटले का. ते म्हणाले, ‘सर, त्यास्ना तो मोठा भाऊ अजून बाहेरच उभा शे. तो मना डोकामा बठेल शे.’ एवढेच.

साहेब धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीने निघाले. मी पोहोचवायला गेलो. गुडघे पुन्हा धरल्यामुळे उखा नानांना येता आले नाही. त्यांनी माझ्याजवळ फडक्यात बांधून गहू दिला होता. साहेब खिडकीशी बसले होते, डोक्यावर ती शिंदीची टोपी. त्यांनी गाठ सोडली आणि चार दाणे तोंडात टाकले.

गाडी सुटायला थोडा अवकाश होता. मी बोलायचे ठरवून आलो होतो.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘माघात आपण तो कागद मला दाखवला होता.’

‘हां,’ साहेब म्हणाले.

‘मी तो सर्व वाचला होता.’

‘हां.’

‘हुंकारा काय असतो ते मला तेव्हाही माहीत होते.’

‘हां.’

एकही ‘हां’ लवकर आला नाही की उशिरा आला नाही. प्रत्येक वाक्य खाली टेकल्यावरच आला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. क्षमा होती का, तेही मला दिसले नाही.

‘मी गावाचे नाव तेवढे दुरुस्त केले आणि कागद परत दिला.’

‘हां.’

मी थांबलो. शिट्टी झाली. साहेब खिडकीच्या गजांशी वाकले.

‘मंग?’ त्यांनी विचारले.

मला पुढे काही सांगता आले नाही. गाडी हलली. फलाटाच्या टोकापर्यंत साहेब माझ्याकडे पाहत होते, गोष्ट पुरी होण्याची वाट पाहणाऱ्या माणसासारखे.